दांडी नसलेली उडी

आनंद नगर, भोपाळ
२३ नोव्हेंबर २०१४

शालू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, इथपर्यंत वाचलंस, एवढ्यानंच माझं निम्मं काम झालं.

काल तुझा कार्यक्रम पाहिला. तू आईला दोन पास पाठवलेस, पण दुसरा कुणासाठी ते काही लिहिलं नाहीस. ती म्हणाली, शेजारच्या वहिनींना नेते. मी म्हटलं, त्यांना काय कळणार त्यातलं? ती म्हणाली, आणि तुम्हाला? त्यावर मी मुकाट्यानं इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि रिक्षा आणायला गेलो. तेवीस वर्षं आपलं बोलणं बंद. त्यात एक पास माझ्या वाट्याला येत होता, तर वाद घालून तो घालवायचा कशाला?

मला नाचातलं कळत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. आपल्या पिपलानी वसाहतीच्या गणेशोत्सवात पोरी टिपऱ्या घेऊन नाचायच्या, तेवढीच माझी धाव. तुझ्याकडे घुंगरू नाहीत, तबला नाही, आणि पहिली पंधरा मिनिटं तर गाणंही नाही. आठ पोरी, साध्या पँटी, बिनबाह्यांचे शर्ट, अनवाणी. कोपऱ्यातून निघायचं, सहा पावलं सरळ, पाच पावलं वळत, आणि शेवटच्या पावलावर थबकायचं. उडी नाहीच. परत मागं जायचं, परत निघायचं. मी मोजत बसलो, मला दुसरं काय येतं? मागचा एकजण बायकोला म्हणाला, "ये तो पीटी हो रही है." मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.

आणि मग त्या सातजणींनी आठवीला वर घेतलं. पाठ वाकलेली, मान मागं, पोट वर, पाय अजून जमिनीकडे लोंबतायत. मी आईचा हात धरला. बरखेड्याच्या बगीच्यातला आपला लोखंडी पुतळा, अगदी तोच. तिला त्यांनी तसंच धरून ठेवलं, इतका वेळ की लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. तिचं पोट थरथरत होतं, ते मला चौदाव्या रांगेतून दिसलं. मी तो पुतळा केला तेव्हा बिजागरी, रॉड, गिअरचे दाते, सगळं जागेवर बसवलं होतं, पण उडणाऱ्या माणसाचा श्वास कुठं असतो ते काही मला सुचलं नव्हतं. तू ते दाखवलंस.

त्याबद्दल मला तुझे आभार मानायचे आहेत. बाप लेकीला असं लिहीत नाही, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. नव्वदच्या कारखाना-दिनाला पुतळ्यावरचं कापड काढलं तेव्हा सगळी वसाहत टाळ्या वाजवत होती, आणि तू मला म्हणालीस, "बाबा, तुम्ही माझी फजिती चौकात मांडलीत." पुढच्याच वर्षी तू गेलीस. त्यानंतर तू आईला नागपूरला मामाकडे भेटायचीस, पण आपल्या घराची पायरी चढली नाहीस. मला वाटायचं, त्या पुतळ्याचं नाव काढलं तरी तुला शिसारी येत असेल. तू तर त्याच्यावर तासभराचा खेळ उभा केलास. हे मोठ्या मनाचं काम आहे, शालू. माझ्या हातून झालं नसतं.

तू शेवटी स्टेजवर आलीस तेव्हा मी उभा राहिलो. गुडघ्यांमुळे जरा उशीर लागला, तोवर सगळे बसलेही होते. आई तुला भेटायला आत आली, मी बाहेर रिक्षाजवळ थांबलो. रिक्षावाला निघून जाईल म्हणून थांबलो, असं मी तिला सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. वर घेतलेल्या त्या पोरीची मान जरा जास्तच मागं जाते. तिला म्हणावं, बोटभर कमी कर. दुखेल नाहीतर.

बाबा


९ डिसेंबर

शालू,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, पण आल्या. मान सांभाळायला सांगितलीस हे बरं केलंस. तिसऱ्या ओळीत तू विचारलंयस, "तो पुतळा तुम्ही का केलात?" ती ओळ मी चष्मा काढूनही वाचली आणि लावूनही वाचली.

तुला बहुतेक सगळं माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं ओळीनं लिहितो, म्हणजे माझं मलाच कळेल कुठं अडतंय ते.

अठ्ठ्याऐंशीचा जून. राज्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडायला भोपाळात दोन साहेब येणार होते. उंच उडीची चाचणी आपल्या वसाहतीच्या शाळेच्या मैदानावर. तू सोळा वर्षांची. तुमच्या खेळाच्या शारदा मॅडम कॉलनीभर सांगत सुटल्या होत्या की वैरागड्यांची शालू जाणार म्हणजे जाणार. एक मीटर पंचेचाळीस पार केलं की वसतिगृह. राहणं, खाणं, शिकवणं, पुढं रेल्वेत नाहीतर बँकेत नोकरी. तू रोज सकाळी बांबू लावून, क्लबातल्या जुन्या गाद्या रचून, एकशे पंचेचाळीसवरून जायचीस. मी ड्युटीवर निघताना सायकल थांबवून बघायचो. तुला वाटायचं मी बघत नाही.

साहेब येणार, आणि स्टँड म्हणून दोन बांबू? मॅडमनी मला विचारलं. आपल्या वसाहतीत असंच चालायचं. कुणाची खाट मोडली, देवळाची घंटा लटकवायची, शाळेला घसरगुंडी हवी, की सगळे कारखान्यातल्या कुणा ना कुणाकडे जायचे, आणि तो आपल्या शॉपमधून वस्तू करून आणायचा. मी पॅटर्न शॉपचा माणूस. पोलाद ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना आम्ही करायचो, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. जेवणाच्या सुटीत आठ दिवस बसून सागवानी स्टँडची जोडी केली. पितळी पट्टी ठोकली, तिच्यावर खुणा कोरल्या, वर वॉर्निश मारलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सायकलवर आडवी बांधून शाळेत नेऊन दिली. साहेब म्हणाले, ऐसा स्टँड तो दिल्ली में नहीं है. मी किती फुललो होतो ते तुझ्या आईला विचार.

दुसऱ्या दिवशी तू एकशे त्रेचाळीस गेलीस. पंचेचाळीसला तीनदा दांडी पाडलीस. मग तू सरळ माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "बाबा, हे जास्त आहे. मी रोज जाते ना. स्टँड चुकलाय."

आणि मी सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, मॅडमसमोर, तुझ्या मैत्रिणींसमोर म्हणालो, "माझी पट्टी चुकत नाही. तुझे पाय चुकतात."

त्यानंतर तू मैदानावर गेली नाहीस. दोन वर्षांनी मी तो पुतळा केला. तू विचारतेस, का? लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो की कारखाना-दिनासाठी भंगारातून काहीतरी करा अशी ऑर्डर होती, आणि आमच्या शॉपनं खेळ हा विषय घेतला. दांडी का नाही, तर पाइप संपला. पंचवीस वर्षं हेच उत्तर दिलंय. तुलाही तेच लिहिणार होतो, अर्धं लिहिलंही होतं, पण ते खोडलंय.

आई चहा घेऊन आली. आज इतकंच.

बाबा


१७ डिसेंबर

शालू,

मागचं पत्र टाकल्यापासून आठ दिवस अन्न गोड लागलेलं नाही. तेव्हा आता पाल्हाळ न लावता सांगतो. तुझे पाय चुकले नव्हते. पट्टी चुकली होती. माझी.

कशी, ते नीट ऐक. वितळलेलं पोलाद साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. मीटरभर लांब वस्तू हवी असेल तर लाकडी नमुना एक मीटर दोन सेंटिमीटरचा करावा लागतो. दरवेळी गुणाकार करत बसायला नको म्हणून आमच्या शॉपमध्ये पट्टीच तशी असते. दिसायला तुझ्या कंपासपेटीतल्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा प्रत्येक मीटर दोन सेंटिमीटरनं मोठा. सव्वीस वर्षं माझ्या हातात दुसरी पट्टी नव्हती. ती माझ्या बाकावरच पडलेली असायची, हात आपोआप तिच्याकडे जायचा. स्टँडच्या खुणा मी तिच्यावरून कोरल्या. सुताराच्या हातून हे झालं नसतं, शाळेच्या शिपायाच्या हातून झालं नसतं. पॅटर्नमेकरच्याच हातून होऊ शकतं, आणि तेही ज्याला आपल्या हाताची फार घमेंड आहे त्याच्या.

तू एकशे त्रेचाळीसच्या खुणेवरून गेलीस, ते खरं एक मीटर पंचेचाळीस आणि वर साडेआठ मिलिमीटर होतं. तू निवडली गेली होतीस. जी पंचेचाळीस तू तीनदा पाडलीस, ती जवळजवळ अठ्ठेचाळीस होती.

हे मला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कळलं. मुलांसाठी आणखी एक जोडी करायची होती, म्हणून मी जुना स्टँड शॉपमध्ये आणला. पितळ किती लागेल ते बघायला स्टोअरच्या माणसानं त्याचा साधा टेप लावला. आकडा जुळेना. तो म्हणाला, दादा, टेप ढिला पडला असेल. मी म्हटलं, हो, तसंच असेल. तो गेल्यावर मी माझी पट्टी आणि त्याचा टेप शेजारी शेजारी ठेवले आणि खाली बसलो.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी त्याच दिवशी जेवणाच्या सुटीत पितळी पट्टी उचकटली, नवी ठोकली, खऱ्या खुणा कोरल्या. दिवाळीच्या आत स्टँड शाळेत परत. मॅडमनी विचारलं तर म्हणालो, वॉर्निशला फोड आले होते. मग मी मनाची समजूत घातली की वसतिगृहाच्या जागा भरल्या, वर्ष गेलं, आता बोलून काय उपयोग. हे धडधडीत खोटं होतं. मॅडमनी एक पत्र टाकलं असतं तर चाचणी पुन्हा झाली असती. मी बोललो नाही, कारण मैदानात चारचौघांत बोललेलं मला परत घ्यायचं नव्हतं. कारखान्यात दोन शॉपांचं मापावरून भांडण झालं की लोक म्हणायचे, वैरागडेंना बोलवा. ते नाव मी राखलं, आणि तुला घालवलं.

पुतळा केला तो यासाठी. वेल्डर वसंतनं जोडला, पण आकार सगळा माझा. तुझीच पाठ, तुझीच मान. मला वाटलं, तोंडानं जमत नाही तर निदान तुला हवेत तरी ठेवीन, कायमची, खाली पडू देणार नाही. दांडीचा पाइप भरपूर होता, शालू. पण दांडी लावली असती तर कुणीतरी विचारलं असतं की ही किती उंचीवर आहे. खोटा आकडा सांगवत नव्हता आणि खरा सांगायची छाती नव्हती.

तुला ती फजिती वाटली. वाटणारच. मी समजावून सांगू शकलो असतो, एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य लिहायला मला सव्वीस वर्षं लागली, आणि तीही तू त्या पोरीला हवेत धरून दाखवलंस म्हणून. तुझा खेळ पाहिला नसता तर मी हे बरोबर घेऊन गेलो असतो. म्हणून पहिल्या पत्रात आभार लिहिले. तेव्हा कारण लिहायचं धैर्य नव्हतं, आज लिहिलं.

एवढं १९ तारखेला जोडतोय. आईनं हे पत्र वाचलंय. तिला आजवर माहीत नव्हतं. मी पाकीट उशीखाली सरकवत होतो तर म्हणाली, "काहून लपवता बाप्पा? पोरीचं माझ्यापासून काय लपवाचं?" वाचून तिनं ते घडी करून ठेवलं. दोन दिवस ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. आज सकाळी स्वतःच तिकीट चिकटवलं.

बाबा


११ जानेवारी २०१५

शालू,

तुझं पत्र काल आलं. चार पानं. आईला मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तिसऱ्या पानावर मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं.

तू जे जे लिहिलंस ते मला मान्य आहे. तू रडलीस, मग तुला राग आला, मग तू दिवसभर तालीम बंद ठेवलीस. ठीक. पण शेवटचा परिच्छेद वाचून मात्र आधी माझंच टाळकं सरकलं, खरं सांगतो. तू लिहितेस: "स्टेजवर आठजणी आहेत हे तुम्ही मोजलंत. आठ का, हे तुम्हाला सुचलं नाही? चाचणीला आम्ही आठजणी होतो, बाबा. सरोजही त्रेचाळीसवरून गेली होती. तिला कुणी सांगितलं? मला नाच मिळाला. तिला काय मिळालं ते तुम्ही जाऊन बघा. सगळ्यांना सांगा. तोंडानं सांगा, पत्र नको. मग आपलं बघू."

मी आईला म्हटलं, ही पोरगी त्र्याहत्तर वर्षांच्या बापाला दारोदार फिरवणार. ती म्हणाली, फिरा. बसून तरी काय करता?

पण खरं बोलायचं तर रागाचं कारण वेगळंच होतं. सव्वीस वर्षं मी हा विषय मनात घोळवला, पण एकदाही माझ्या डोक्यात दुसरी मुलगी आली नाही. चूक केली ती माझी, आणि वाईट झालं ते माझ्या लेकीचं. बाकीच्या सातजणी त्या दिवशी मैदानावर होत्या हे मी साफ विसरलो होतो. तुझ्या मात्र आठवणीत होत्या. कुणाचं शिकवलेलं हे? माझं तर नक्कीच नाही.

तर कामाला लागलोय. शारदा मॅडमकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं, त्या दोन हजार सहामध्येच गेल्या. त्यांचा शब्द माझ्यामुळे पडला होता. त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई शेवटपर्यंत म्हणायची की त्या दिवशी काहीतरी गडबड होती.

नसरीन आपल्याच शाळेत शिकवते. ती इतकी हसली की तिच्या वर्गातली मुलं दारात जमा झाली. म्हणाली, अंकल, मी तर एकशे तीसलाच आडवी झाले होते, तुमची पट्टी सोन्याची असती तरी मी पडलेच असते. लिसी कुवेतला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्या भावाकडून नंबर घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं, थँक्यू अंकल म्हणाली, आणि मग तुझी चौकशी केली. आणखी चौघींशी बोलून झालं. एकीला चाचणी झाल्याचंच आठवत नव्हतं. एकीच्या नवऱ्यानं मला पाणीही विचारलं नाही, आणि ते योग्यच केलं.

आता राहिली सरोज. ती कोटरा सुल्तानाबादला राहते एवढं कळलंय. मी मुद्दाम तिला शेवटी ठेवलंय. भीती वाटते, दुसरं काय?

बाबा


५ फेब्रुवारी

शालू,

सरोजला भेटलो. नीट लिहायचं म्हणून तीन दिवस थांबलो.

तिचे वडील आमच्याकडे क्रेन चालवायचे, तुला आठवत असतील. तिच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ती बाहेर. सासूबाई म्हणाल्या, डब्यांची भाजी आणायला बिट्टन मार्केटला गेलीय, हाटाच्या दिवशी ती तिथंच सापडेल. ती घरून पंचवीस डबे देते, ऑफिसांत. मी रिक्षा करून तिथंच गेलो. मेथीच्या ढिगासमोर उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. वैरागडे काका ना, म्हणाली, शालू कशी आहे?

मी ठरवून गेलो होतो की आधी बसायचं, मग हळूहळू सांगायचं. बसायला जागाच नव्हती. तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं, पट्टी, पोलाद, पितळ, सगळं. भाजीवाला मध्येच भाव सांगत होता. सरोजनं पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, काका, आकडा परत सांगा. मी सांगितला. एक मीटर पंचेचाळीस आणि साडेआठ मिलिमीटर.

"म्हणजे मी पास होते," ती म्हणाली.

मग तिनं मला सोडलंच नाही. त्याच रिक्षात घालून घरी नेलं. दारातूनच सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाली, आई, यांचं ऐका. मला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. नवरा आला, त्याला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या गुप्ताइन आल्या, त्यांना हिंदीत सांगितलं. चौथ्यांदा तिच्या मुलीला, ती बी.कॉम.ला आहे. मी हात जोडून म्हटलं, सरोज, मी माफी मागायला आलोय. ती म्हणाली, माफीचं मागाहून बघू काका, आधी मला लिहून द्या. मुलीनं वही आणली. मी लिहिलं की सरोज हिनं जून १९८८ च्या चाचणीत एक मीटर पंचेचाळीसच्या वर उडी मारली, आणि पट्टीची चूक माझी होती. खाली सही, गजानन वैरागडे, पॅटर्नमेकर, निवृत्त. तिनं ते पान वहीतून काळजीपूर्वक सोडवलं आणि कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवलं.

चहा देताना ती जे बोलली ते तुला कळायला हवं. रागानं नाही बोलली, भाजी निवडावी तशी बोलली. म्हणाली, "तेव्हापासून मला वाटायचं माझ्या अंगातच नव्हतं. हिला खो-खोच्या टीममध्ये घेतलं होतं, मीच नाही म्हटलं. म्हटलं, आपल्याकडे ते नाही बेटा, उगाच आस लावून घेऊ नकोस." मुलगी तिथंच उभी होती. तिनं आईकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

माझी चूक तुझ्यापाशी थांबली नाही, शालू. जिला मी आजवर पाहिलंही नव्हतं त्या मुलीपर्यंत ती गेली. तू मला धाडलं नसतंस तर मला हे मरेपर्यंत कळलं नसतं. आणि निघताना ती सरोज मला वाकून नमस्कार करायला लागली. मी मागं सरलो. म्हटलं, अगं मला कसला करतेस. ती म्हणाली, तुम्ही आलात ना काका, कोण येतं? मी जिना उतरलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. रिक्षावाल्याला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, नाही रे बाबा, ठीक आहे. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि असं मला यापूर्वी कधी झालेलं नाही. हे सगळं मला तू दिलंस. ज्या बापानं तुझं घेतलं त्याला दिलंस.

तिच्या मुलीनं तुझा नंबर मागितला, मी दिला. रागावू नकोस.

आता सातही झाल्या. राहिलीस तू. तू म्हणालीस तोंडानं सांगा, पत्र नको, आणि तुला मात्र मी आतापर्यंत पत्रातूनच सांगितलंय. सरोजला दिला तसा कागद तुझ्यासाठी केला होता. आईनं तो फाडला. म्हणाली, तिला कागद काय कामाचा, ती काय कुणाला दाखवणार आहे? बरोबर आहे तिचं. तुझं जे गेलं ते मी तोंडानं घालवलं, आणि तेही लोकांसमोर.

म्हणून चौदा तारखेची झेलम एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. रविवारी दुपारी आम्ही पुण्यात उतरतो. तू स्टेशनवर यायची गरज नाही, आईकडे पत्ता आहे. जेवायला थांबवलं नाहीस तरी चालेल, जवळच एका लॉजचं नाव लिहून घेतलंय. माझी विनंती एकच आहे. सोमवारी मला तुझ्या तालमीच्या हॉलमध्ये ने. तुझ्या त्या आठ पोरी असतील, आणखी कुणी असेल तर तेही असू देत. मैदानात चारचौघांसमोर मी जे म्हणालो, ते चारचौघांसमोरच परत घेतो, तुझ्या तोंडाकडे बघून. मग तुला जे म्हणायचं ते म्हण. मी मध्ये बोलणार नाही, आईनं तसं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

न्यायचं की नाही ते तू ठरव. नेलंस तर आधी सांगेन, मग बसेन.

बाबा